मऊ क्लच

आमच्या कंपनीत माणूस गेला की त्याला घड्याळ मिळतं. गेला म्हणजे मेला नव्हे. रिटायर झाला, दुसरीकडे लागला, कंटाळून गावी शेतीवर परतला, कसाही गेला तरी कॅन्टीनच्या पत्र्याखाली शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ ठरलेलं. ज्याला उभी हयात पंचिंगच्या मशीनकडे पळवलं, त्याला जाताना पुन्हा वेळच दाखवायची, ही अक्कल मुळात कुणाची ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्या वेळी मात्र घड्याळ आणलं नाही. माझ्यासाठी लोकांनी डोकं चालवलं, जीव ओतला. घड्याळ आणलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी शांतवन. नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॉवर प्रेस चालवत होतो. गाड्यांच्या सीटखाली लोखंडी पट्ट्या लागतात, त्या आम्ही ठोकायचो. कंपनीचं नाव सांगत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. या कामात माझ्या डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की तो मशीन खाली येऊ देत नाही. आमचा सेन्सर बंद करून ठेवलेला असायचा, कारण तो चालू असला की सारखं मशीन थांबतं आणि माल कमी निघतो. त्याची चावी सुपरवायझर अंगदच्या खिशात असायची, हे झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझा अपघात झाल्यावर तासाभरात सेन्सर चालू झाला. तेव्हा कुणाच्या मालाची अडचण झाली नाही.

शेजारच्या प्रेसवर मच्छिंद्र असायचा. पारनेरकडचा, बोलायला रांगडा, मनानं लोणी. माझी बोटं त्यानंच प्रेसच्या डायमधून, म्हणजे साच्यातून काढली, रुमालात बांधली आणि माझ्यामागोमाग दवाखान्यात आणली. डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही. तरी तो रुमाल हातात धरून बराच वेळ तिथंच उभा होता.

दवाखान्यात कंपनीचे राधाकृष्ण साहेब सफरचंदं घेऊन आले. हे साहेब म्हणजे भरती, रजा, हजेरी बघणारे अधिकारी. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या एमआयडीसीत नसेल. म्हणाले, "शांतवन, तू आमच्या घरातला माणूस आहेस." मला तेव्हा बरं वाटलं. घरातल्या माणसाला लेखी काही द्यावं लागत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

हात भरून आल्यावर मी कामावर गेलो, तर वॉचमननं गेटवरच थांबवलं. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "प्रेसवर तुला आता घेता येत नाही, तुझ्याच काळजीपोटी सांगतो. राजीनामा दे, सन्मानानं पाठवतो." मी म्हणालो, राजीनामा देणार नाही, मला स्टोअरमध्ये घ्या. तिथं नट-बोल्ट मोजून द्यायचे असतात, त्याला आठ बोटं पुष्कळ झाली. साहेब म्हणाले, बघू. मग मी रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचो आणि साहेब रोज 'बघू' म्हणायचे. शेवटी मी सरकारी कामगार कार्यालयात अर्ज दिला. माझं म्हणणं साधं होतं. मी नोकरी सोडलेली नाही, मला आत घ्या. कंपनीचं म्हणणं त्याहून साधं होतं. आम्ही याला काढलेलं नाही, हाच गेला. सगळं घोडं एवढ्यावरच अडलं होतं, की मी स्वतःहून गेलो की मला बाहेर ठेवलं. माझी भाकरी त्यावर होती.

आता बुलेटचं सांगतो. कंपनीत शांतवन म्हटलं की बुलेट, हे ठरलेलंच. ओव्हरटाइम करून घेतलेली गाडी. रविवारी चर्चमध्ये शेवटचं गीत संपायच्या आत माझा हात खिशातल्या चावीवर जायचा आणि पाळकसाहेब व्यासपीठावरून माझ्याकडे रोखून बघायचे. भंडारदरा, माळशेज, आंबोली, एकदा तर माझी बायको सारा हिला मागं बसवून थेट गोव्यापर्यंत. सोमवारी कॅन्टीनमध्ये माझ्याभोवती घोळका असायचा. कुठं धुकं लागलं, कुठं पंक्चर झालं, कुठं मासे खाल्ले. यातल्या निम्म्या लोकांनी घाट फक्त माझ्या तोंडून पाहिलेले होते.

बोटं गेल्यावर गाडी सुटली. बुलेटचा क्लच जड. उरलेल्या करंगळी-अनामिकेनं तो दाबला जायचा, पण धरून ठेवता यायचा नाही. एकदा गल्लीत प्रयत्न केला, तर गाडीनं उडी मारली आणि शेजारच्या मालनबाईंच्या फाटकाला जाऊन धडकली. मालनबाईंनी नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. त्या संध्याकाळी सारानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी दोरी आवळली.

पुढचं सगळं मला मच्छिंद्रनं नंतर सांगितलं, हावभावांसकट.

एक दिवस जेवणाच्या सुटीत राधाकृष्ण साहेब कॅन्टीनमध्ये आले. साहेब लोकांचा चहा केबिनमध्ये जातो, पण त्या दिवशी ते बाकावर येऊन बसले. म्हणाले, "आपला शांतवन असाच जाणार का? इतकी वर्षं काम केलं त्यानं. नियम, कागद आपल्या जागी. माणुसकी म्हणून काही आहे की नाही? तुम्ही ठरवा काय द्यायचं ते. कमी पडेल तिथं कंपनी आहे."

लोक विरघळले. विरघळणारच. मी महिनोन्‌महिने गेटवर उभा असायचो आणि हीच मंडळी माझ्यासमोरून आत जायची. कुणी हेल्मेटची काच खाली ओढायचा, कुणी उगाच मोबाईलवर बोलायचा. त्यांनाही ते टोचत असणार. नोकरीला धक्का न लावता ते टोचणं काढायची वाट साहेबांनी स्वतः येऊन दाखवली, मग कोण नाही म्हणेल?

वस्तू ठरवायला बैठक बसली. घड्याळ तर पहिल्याच फेरीत बाद झालं. कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या येशूचा फोटो देऊ, लायटिंगवाला."

मच्छिंद्र म्हणाला, "चार हायेत त्याच्याकडं. दर नाताळाला आपनच देतो."

मग अंगदनं हेल्मेट सुचवलं. भारीतलं, आयएसआय मार्कचं. माझ्या डोक्याची काळजी अंगदला. सेन्सरची चावी खिशात घेऊन बसलेला माणूस सुरक्षिततेवर बोलत होता आणि लोक माना डोलवत होते. पण हेल्मेट माझ्याकडे होतं, म्हणून तेही बारगळलं. मग तपासणी विभागातल्या चांगुणाबाईंनी मोबाईलवर जॅकेट दाखवलं. गाडीवर घालायचं, कोपराला-खांद्याला पॅड असलेलं. सगळ्यांना पसंत पडलं. मोबाईल हातोहात फिरला. फिरत फिरत परत त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी खालची ओळ वाचली. जॅकेटवर हातमोजे फुकट होते. त्यांनी मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला आणि डब्याचं झाकण लावत बसल्या. दुसऱ्या कुणी परत जॅकेटचं नाव काढलं नाही.

तेव्हा मच्छिंद्र उठला. म्हणाला, "ज्याचा बैलच बसलाय त्याला नवी झूल काय करायची? त्याची गाडी ताडपत्रीखाली हाय. त्याला पुन्ना गाडीवर बसता येईल आसं कायतरी करा. न्हाई तर ऱ्हाऊ द्या, नारळ देऊन वाटंला लावा."

साहेब चहा ढवळत होते. ते थांबले. "वा, मच्छिंद्र," ते म्हणाले, "याला म्हणतात भेट." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मच्छिंद्र शपथेवर सांगतो. आलं असेलच. इतकी नेमकी वस्तू त्यांना स्वतःला कुठं सुचली असती?

मच्छिंद्र घरी आला आणि "पडून पडून बॅटरी मरल, सर्व्हिसिंग करून आनतो" म्हणत सारापाशी चावी मागून गाडी घेऊन गेला. केडगावला कल्याण मिस्त्री म्हणून एक जण आहे, अपंगांच्या गाड्या नीट करून देतो. त्यानं क्लचची तार जिथं इंजिनाला धरते तिथली छोटी दांडी वेल्डिंग करून लांब केली, म्हणजे तार ओढायला जोर कमी लागतो. हँडलवरचा दांडाही उरलेल्या दोन बोटांत येईल असा वाकवून दिला. मच्छिंद्र सुटी टाकून दोन दिवस तिथं बसून होता. कल्याणनं "झालं" म्हटलं तरी याचं समाधान होईना. शेवटी यानं स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं दुमडून चिकटपट्टीनं तळहाताला बांधली आणि केडगावच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. जड लागली की परत गॅरेजमध्ये. "आजून मऊ कर, आजून मऊ कर" म्हणून त्यानं कल्याणचा जीव खाल्ला. मला इतका जीव लावणारा माणूस माझ्या सख्ख्या भावंडांतही नाही. हे मी रागात असतानाही सांगतो, कारण ते खरं आहे.

मग तो बोलवायला आला. शनिवारी दुपारी कार्यक्रम आहे, वहिनींनाही आणा म्हणाला.

सारानं चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "भाऊजी, कार्यक्रम कसला आहे?"

"निरोपाचा, वहिनी. म्हंजी नाव तसं. लोकांना भेटायचंय याला."

"हे नोकरी सोडून गेलेत का?"

"न्हाई."

"मग निरोप कुणाला देताय?"

मच्छिंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी सारावर खेकसलो. म्हणालो, साहेबावर विश्वास ठेवू नको, पण आपल्या लोकांवर तरी ठेव. इतक्या दिवसांनी कुणी बोलवायला आलंय. ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, "जायचं तर जा. अंगावर शाल घेऊ नका आणि चार शब्द बोलू नका. मी येणार नाही." सारा संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवते. तिचं म्हणणं वाकड्यात शिरणारं असतं आणि बहुतेक वेळा बरोबर असतं, म्हणूनच ते ऐकवत नाही.

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ज्या वॉचमननं मला इतके दिवस अडवलं त्यानं उठून गेट उघडलं आणि हात जोडले. आत कॅन्टीनला फुगे होते. माझा फोटो असलेला फ्लेक्स होता, घाटातला, गॉगल लावलेला. वर लिहिलं होतं, 'शांतवन यांना निरोप आणि पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. ते वाचून मी मच्छिंद्रला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, "आरं, फ्लेक्सवाल्याकडं तोच नमुना हाय. दर टायमाला फकस्त नाव बदलत्यात." तेही खरंच होतं. दर वेळी तोच नमुना असायचा.

मग अंगद बोलला. मी कामात कधी कुचराई केली नाही, हसतमुख होतो, मशीनला देव मानायचो. तो बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, हाताकडे नाही. साहेबांनी आपला मोबाईल अंगदच्या हातात दिला आणि शाल घातली. समोर शंभरेक माणसं टाळ्या वाजवत असताना खांद्यावर पडलेली शाल काढून ठेवणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. मला ते जमलं नाही. मग नारळ आला, पेढा आला आणि चांगुणाबाई म्हणाल्या, "आता शांतवन भाऊंनी मनोगत व्यक्त करावं."

मनोगत म्हणतात, पण मनातलं बोलायची ती जागा नसते. आपल्याकडे जाताना माणूस भांडत नाही. लग्नाहून निघालेला पाहुणा भाजी खारट होती असं म्हणत नाही. मीही जे सगळे बोलतात तेच बोललो. कंपनीनं मला खूप दिलं. तुम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं. आणि शेवटी, बोलायचं म्हणून, दर निरोपाला ऐकून पाठ झालेलं, "माझ्याकडून कधी काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा." बाया डोळे पुसत होत्या. मीही शालीच्या टोकानं पुसले आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तेवढ्यात डिस्पॅचच्या बाजूनं आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मच्छिंद्र माझी बुलेट ढकलत नव्हता, चालवत आणत होता. धुतलेली, पुसलेली, टाकीवर झेंडूचा हार. उतरला आणि म्हणाला, "बस."

"मच्छिंद्र, नको रे. सगळ्यांसमोर फजिती होईल."

"बस म्हनतो ना. क्लच दाबून बघ नुस्ता."

मी बसलो. डावा हात ठेवला. वाकवलेला दांडा बरोबर माझ्या दोन बोटांत आला. दाबला. काय सांगू? एवढीशी ओढ लागली आणि दांडा आत आला आणि तिथंच राहिला, मी धरला तेवढा वेळ. मला आधी खरंच वाटेना. पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. पहिला गिअर टाकला. गाडी निघाली, धक्का नाही, उडी नाही. कंपनीच्या आवाराला मी एक फेरी मारली. दुसरी मारली. लोक शिट्ट्या वाजवत होते, मच्छिंद्र रडत-हसत गाडीमागं पळत होता. माझ्या तोंडाला वारा लागत होता. कितीतरी महिन्यांनी. त्या दोन फेऱ्यांत मला ना अर्ज आठवला, ना गेट, ना स्टोअर. मी इतका खूश होतो की मला लाज वाटायला हवी होती.

राधाकृष्ण साहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. तिसऱ्या फेरीला ओरडले, "शांतवन, हात दाखव!" गाडी गिअरमध्ये चालली होती. मी डावा हात उचलला आणि हलवला.

संध्याकाळी मी सारासमोर गाडी आणून उभी केली. ती गाडीकडे बघत राहिली, मग क्लचकडे, मग माझ्याकडे. पदर खोचला आणि मागं बसली. भिंगारच्या पुढं मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तिनं माझ्या पाठीला डोकं टेकवलं. चहाच्या टपरीवर ती हसलीसुद्धा. मला वाटलं, या वेळी तरी तिचं चुकलं.

चुकलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात कामगार कार्यालयात दोन्ही बाजूंची बैठक लागली.

मी एका बाजूला एकटा. दुसऱ्या बाजूला राधाकृष्ण साहेब आणि त्यांचा वकील. अधिकारी मध्यम वयाचे, चष्मा लावलेले, माणूस वाईट वाटला नाही. मी माझं सांगितलं. गेट, डबा, 'बघू'. त्यांनी ऐकून घेतलं. मग साहेब उठले आणि म्हणाले, "सर, आम्ही याला काढलेलं नाही. हा स्वतःच्या खुशीनं गेला. आम्ही सगळ्यांनी याला प्रेमानं निरोप दिला. बघा." आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

मी पहिल्यांदाच तो व्हिडिओ बघत होतो. फ्लेक्स आला. शाल आली. नारळ घेताना मी वाकलो, तेही आलं. मग माझा आवाज आला, कंपनीनं मला खूप दिलं. माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा. वकिलानं तिथं व्हिडिओ थांबवला आणि म्हणाला, "अपघात कुणाच्या चुकीनं झाला, हे अर्जदारानं स्वतःच सांगितलंय." मग गाडी आली. मी तिच्यावर बसलो, गेलो, वळलो, आणि हात वर केला. वकील म्हणाला, "हा हात, सर. बुलेट चालवतोय. अपंग म्हणून हलकं काम मागतोय."

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, एखाद्या सज्जन माणसासारखे.

अधिकाऱ्यांनी व्हिडिओ परत एकदा पाहिला. मग मला विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली होती? शाल घ्यायची, बोलायची?"

"नाही."

"राजीनामा दिला होता का?"

"नाही, साहेब. कधीच नाही."

"मग निरोप कशाचा घेतलात?"

क्लच मऊ झाला होता म्हणून घेतला, असं सांगू? मी मोबाईलकडे बघत होतो. चित्र थांबलं होतं, हात वर, दात दिसतायत. त्या माणसाला बघून कुणीही म्हटलं असतं, याला कोणी हाकललेलं नाही, हा मजेत चाललाय. राग आला तो त्याचाच. साहेबानं डाव साधला, वकिलानं वाकडा अर्थ काढला, पण त्या चेहऱ्यावरचं हसू कुणी बाहेरून चिकटवलेलं नव्हतं. ते माझं होतं, अस्सल होतं, आणि तेच माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

अधिकारी लिहिता लिहिता म्हणाले, "समेट होत नाही असा शेरा मारतो. पुढं कोर्ट आहे. पण नुसत्या तुमच्या तोंडच्या गोष्टीवर तिथं भागणार नाही. तुम्हाला गेटवरून परत पाठवत होते, हे पाहिलेला कंपनीतला एक माणूस आणा. एक जरी उभा राहिला तरी फरक पडेल."

मी बाहेर आलो, तर व्हरांड्यातल्या बाकावर मच्छिंद्र बसला होता. अंगात कंपनीचा गणवेश. त्याला कंपनीच्या गाडीतून आणलं होतं. कार्यक्रम झाला का, भेट दिली का, एवढं विचारायला लागलं तर असावा म्हणून. विचारायची वेळच आली नाही, व्हिडिओवर काम भागलं. मला बघून तो उठला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"शांत्या, आईची आन, मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "साहेब म्हनलं, आठवन म्हनून काढतो."

"माहीत आहे मला."

"म्या तू खूश व्हावास म्हनून केलं रं."

"झालो ना खूश. सगळ्यांनी पाहिलं."

मी त्याला जिन्याजवळ नेलं आणि अधिकाऱ्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. एक माणूस लागतो. "तू रोज बघत होतास मला गेटवर. मी राजीनामा दिला नाही, स्टोअर मागत होतो, हे तुला ठाऊक आहे. कोर्टात येऊन एवढंच सांग. खोटं काही सांगायचं नाही."

त्याला लगेच समजलं. समजलं म्हणूनच तो भिंतीकडे बघायला लागला. हातातल्या टोपीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "संस्कृती बारावीला हाय औंदा," तो लेकीबद्दल म्हणाला. "आन्‌ माजं काँट्रॅक्ट मार्चला संपतंय. तुला तर म्हाईत हाय साहेब कसा हाय."

"माहीत आहे."

"दुसरं काय बी माग, शांत्या. रगत माग. ह्ये सोडून काय बी."

तो खरंच बोलत होता. मागितलं असतं तर त्यानं रक्त दिलं असतं, गावाकडची शेळी विकली असती, रात्रंदिवस माझ्या उशाशी बसला असता. सगळी कंपनी माझ्यासाठी काहीही करायला तयार होती. फक्त तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. "नको, काही नको," म्हणालो आणि जिना उतरलो.

तो मागोमाग खाली आला. मी गाडीवर बसलो, किल्ली फिरवली. त्याची नजर सवयीनं माझ्या डाव्या हाताकडे गेली. माझी दोन बोटं दांड्यावर नीट बसलीत का, ते बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "जड लागाय लागला तर सांग. कल्यानकडं परत नेऊ."

मी साराला काय सांगायचं याचा विचार करत निघालो. सावेडीच्या रस्त्याला ऑफिस सुटल्याची गर्दी होती, रिक्षा आडव्या येत होत्या, पावला-पावलाला थांबायला लागत होतं. दाब, सोड, दाब, सोड. आज एकदा तरी ही गाडी बंद पडावी, असं मला मनापासून वाटत होतं. एकदा जरी धक्का देऊन बंद पडली असती तरी रस्त्यात उतरून तिला लाथ घातली असती, मच्छिंद्रला आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या, मन मोकळं झालं असतं. घरापर्यंत एकदाही बंद पडली नाही. फार चांगलं काम करून दिलंय त्यांनी.